अजून थोडं वाढव

४ फेब्रुवारी

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असाल. कुणाला काही झालेलं नाही. आई ठीक आहे, बारकी ठीक आहे, मीही ठीक आहे. दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे त्याला एक तांत्रिक प्रश्न कारण आहे, आणि तो तुमच्याशिवाय कुणाला विचारावा ते सुचलं नाही.

फोन करत नाही, कारण मध्यंतरी बारकीचं मैत्रिणीशी झालेलं खासगी बोलणं कुणीतरी बाहेर फोडलं. तेव्हापासून आमचे सगळ्यांचे फोन तिच्या शोंचे मॅनेजर मनात येईल तेव्हा मागून घेतात आणि चाळून परत देतात. कागदाकडे अजून त्यांचं लक्ष गेलेलं नाही.

प्रश्न असा. हॉटेलातल्या खोलीत बारकीला एक बारीक शिट्टी ऐकू येते. सतत, एकाच सुरात. आईला येत नाही, मला येत नाही. मी फ्रिज बंद केला, एसी बंद केला, दिवे, टीव्ही, चार्जर, सगळं भिंतीतून उपटलं. आवाज मोजायचा मीटर लावला. खोली इतकी शांत होती की माझ्या बाहीची सळसळ मीटरवर दिसत होती. बारकी पलंगावर मांडी ठोकून बसली होती आणि मी एकेक वस्तू बंद केली की मान हलवत होती. "आहे अजून. ताई, तुला खरंच येत नाही? बहिरी झालीस का काय?" असं म्हणून हसली.

दुकानात रेडिओचे चार सेट एकदम चालू असले तरी कुठल्या सेटचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आहे ते तुम्ही पाठमोरे सांगायचात. अशी शिट्टी कशातून येऊ शकते? पाण्याच्या पाइपातून? लिफ्टच्या मोटरमधून? जमल्यास कळवा. खालचा पत्ता माझ्या मैत्रिणीचा आहे, ती माझ्यापर्यंत पोचवते.

बारकी सोळा वर्षांची झाली. उंच झाली आहे. तुम्हाला दिसतच असेल म्हणा. तिचे फोटो बघायचे नाहीत असं ठरवलं तर माणसाला घराबाहेर पडता येणार नाही.

थोरली

१९ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ: खोली बदलल्यावर शिट्टी जाते का?

जात नाही. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच आमची तीन हॉटेलं बदलून झाली होती. ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता, आणि मला तो उरायला हवा होता.

आता क्रमाने सांगते.

जिन्यातलं गाणं तुम्हाला आठवत असेल. आपल्या इमारतीच्या जिन्यात आवाज छान घुमतो म्हणून मी तिला वरच्या पायरीवर बसवलं आणि खाली माईक धरून उभी राहिले. मध्येच तळमजल्याच्या काकू ओरडल्या, "गाणं झालं असेल तर त्या बादल्या उचला!" तो ओरडा मी काढून टाकणार होते, बारकीने काढू दिला नाही. नेटवर टाकल्यावर लोकांना गाण्याइतकाच तो ओरडा आवडला. वर्षभरात अनोळखी पोरं रस्त्यात तिला बघून "बादल्या उचला" म्हणायला लागली. मग मॅनेजर घरी आले, बूट न काढता सोफ्यावर बसले, आणि तुम्ही म्हणालात, "तिचा गळा अजून बनतोय, जरा थांबा." आई म्हणाली की दुसऱ्यांचे मोडके रेडिओ सोडून तुम्ही आयुष्यात काही पाहिलेलं नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही दुकानावरच्या खोलीत राहायला गेलात.

माझं काम आता काय आहे ते बहुधा माहीत नसेल. स्टेजवर इतका गोंगाट असतो की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कानाचा साचा घेऊन इयरपीस बनवतात. आईला सांगितलं होतं की बारकीला कानातले करायचे आहेत, तर ती सोनाराकडे निघाली होती. त्या इयरपीसमध्ये काय आणि किती सोडायचं ते स्टेजच्या कडेला बसून मी ठरवते. लोक जे ऐकतात ते वेगळा माणूस सांभाळतो. बारकी जे ऐकते ते फक्त माझ्या हातात असतं.

मागच्या उन्हाळ्यात तिचा घसा बसला तो उठेचना. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं: एका स्वरतंतूवर रक्ताने भरलेला फुगा. फुटला तर आवाज गेला, कदाचित कायमचा. त्या म्हणाल्या, गाऊच नका, गायचंच असेल तर अर्ध्या जोराने. मॅनेजर म्हणाले, अर्ध्या जोराची तिकिटं कोण घेतं? बारकीला तर अर्धा जोर हा प्रकारच कळत नाही. समोरचे ओरडले की ती त्यांच्या वर आवाज चढवते.

तेव्हा मी एक गोष्ट केली. फोनवर आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नसला की माणूस ओरडून बोलतो. मी उलट बाजूने गेले. तिचा आवाज तिच्या कानात मोठा केला. तो मोठा ऐकू आला की ती आपोआप हळू गाते, तिला सांगावंही लागत नाही. लोकांना काहीच फरक कळला नाही, कारण बाहेरचा आवाज वेगळा वाढवता येतो. थंडी सुरू झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी परत कॅमेरा घातला. फुगा गेला होता. आईने मला मिठी मारली. किती वर्षांनी ते आठवून पाहिलं, आठवलं नाही.

त्यानंतर प्रत्येक शोमध्ये बारकी माझ्याकडे बघून अंगठा वर करायची. अजून थोडं वाढव. मी वाढवत गेले.

हे वाचताना तुम्ही कुठे थांबला असाल ते मला माहीत आहे. मी तिचे कान मोजून बघते. मी मोजेपर्यंत काही लिहू नका.

थोरली

२ मार्च

बाबा,

मोजलं.

दुपारी मेकअपच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. इयरपीसची वायर तपासायची आहे असं तिला सांगितलं. ऐकू आलं की बोट वर कर. ती आरशासमोर बसली होती, मी तिच्या मागे कान तपासायचं मशीन मांडीवर घेऊन. उजव्या कानाला खालपासून वरपर्यंत सगळे सूर दिले. वरच्या टोकाला थोडं कमी, बाकी बरं. मग डावा कान. तिथेही प्रत्येक सुराला बोट वर. अगदी लगेच वर. मला हायसं वाटायला हवं होतं, पण ते बोट फारच तत्पर होतं.

मी मशीनचा आवाज पूर्ण बंद केला आणि बटणावर नुसता अंगठा दाबला. बोट वर. परत दाबला. बोट वर.

ती आरशात माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"मी आत्ता काही वाजवलं नाही," मी म्हणाले.

"मग अंगठा कशाला नाचवतेस?"

"बारके."

"परीक्षा घ्यायची तर सांगून घ्यावी. चोरून काय घेतेस!"

"कधीपासून?"

तिने कपाळावरचे केस नीट केले. ते नीटच होते. "डावीकडे थंडीपासून. उजवीकडे बरंय. मुलाखत घेणाऱ्याला मी नेहमी उजव्या बाजूला बसवते, तुझ्या लक्षात नाही आलं? मान अशी तिरकी करून ऐकते. पोरींना ती माझी स्टाइल वाटते. परवा एका शाळेच्या फोटोत अख्खा वर्ग मान तिरकी करून उभा होता." आणि ती खरोखर हसली.

मला हसता आलं नाही. मी मशीन बंद केलं.

"आणि शिट्टी?"

"ती डाव्या कानातच आहे. पहिल्यांदा वाटलं खोलीत आहे. तू एवढे प्लग काढलेस, मग काय सांगू, माझा प्लग कुठाय?"

"आईला सांगायला हवं."

"अजिबात नाही. मैदानावरचा मोठा शो होऊ दे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बघू. ताई, मला गाता येतं, दुसरं काय येतं? आठवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. मला बेरीज करायला मोबाइल लागतो. मी नाही गायले तर मी म्हणजे बादल्या उचलणारी ती मुलगी, एवढंच."

त्याच दिवशी संध्याकाळी शो होता. पहिल्या गाण्याला मी तिच्या कानातला आवाज बराच खाली ठेवला. तिने लगेच जोर लावला. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. बाकी कुणाला कळलं नसेल, मी तिच्या माईकवर कान लावून बसलेली असते, मला कळलं. खाली ठेवला तर घसा फाटतो, वर नेला तर कान जातो. तिने अंगठा वर केला, आणि मी तिला आवाज दिला, बाबा. सगळं माहीत असताना दिला.

थोरली

१० मार्च

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. मला वाटलं होतं शिव्या असतील. त्याऐवजी तुम्ही विचारलंत की मर्यादेचा अडसर असतो, तो काय करत होता.

कमरेच्या पट्ट्याला लावायच्या इयरपीसच्या डबीत तो असतो, बरोबर. आवाज एका हद्दीच्या पुढे जाऊच देत नाही. तो मी डिसेंबरमध्ये बंद केला. त्याच्यामुळे तिचा आवाज दबल्यासारखा यायचा आणि ती परत ओरडायला लागायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. एक बारीक स्विच आहे, नखाने सरकतो.

टोपी आणि मास्क घालून तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे आहेत, त्यांनी तिला ओळखलं नाही, त्यामुळे सरळ बोलले. डावीकडचं जे गेलं ते गेलं. शिट्टी राहील किंवा जाईल, सांगता येत नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर मोठा आवाज आता थांबवायचा. बारकीने विचारलं, आता म्हणजे कधी? ते म्हणाले, "आता म्हणजे काल."

शनिवारी मैदानावरचा शो आहे. आजवरचा सगळ्यात मोठा. मैदानात गोंगाट जास्त, म्हणून कानात आवाजही जास्त लागतो.

परत आल्यावर बारकीचा विरोध असूनही मी आईला आणि मॅनेजरना सांगितलं. मॅनेजरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो स्विच कुणी बंद केला, मॅडम?"

"मी."

"मग हे बाहेर गेलं तर लोक कुणाचं नाव घेतील? मला मशिनीतलं ओ का ठो कळत नाही. मी विश्वासाने तुमच्यावर सोडलं होतं." मग आईकडे वळून, "डॉक्टर लोक सगळ्यांना सगळंच बंद करायला सांगतात हो. माझं मीठ, साखर, जिने, सगळं बंद आहे. जिवंत आहे ना मी?"

आई स्टेजचे कपडे पसरून बसली होती. ती चिडली नाही. एकेक कपडा उचलून घडी घालत राहिली. घडी घातलेला कपडा उलगडून परत घडी घातली. म्हणाली, "शनिवारचा एकच. मग वर्षभर विश्रांती, माझा शब्द. एका दिवसाने काय होणार आहे?" मी म्हणाले, एका दिवसाने काय होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. ती म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, घसा वाचेल म्हणून? वाचला ना?"



तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर आई हट्टाला पेटेल, आणि मग भांडण तुमचं होईल, कानाचा विषय बाजूला राहील.

मला भीती वाटते. हे वाक्य मी कधी लिहिलं असेल असं वाटत नाही. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी ऐकून बघते, मला येते का शिट्टी. येत नाही. तिला येत असणार, भिंतीपलीकडे. मग तशीच पडून राहते.

थोरली

१५ मार्च

बाबा,

शो झाला नाही. बातम्यांत वाचलं असेल की घशाला विश्रांती म्हणून रद्द केला. खरं काय झालं ते असं.

शुक्रवारी दुपारी मैदानावर तालीम होती. खुर्च्या रिकाम्या, ऊन, दिवेवाले वर चढलेले. आई नेहमीसारखी माझ्याजवळ पाण्याची बाटली आणि शाल घेऊन उभी होती. मी जादा इयरपीस काढले आणि तिला म्हणाले, "आई, तिला काय ऐकू येतं ते तू कधी ऐकलं नाहीस. घाल." मागच्या शोच्या शेवटच्या गाण्याला मी जिथे पोचले होते, तिथेच सगळं ठेवलं. स्वतःच्या आईबाबतीत हे करणं बरोबर होतं का, ते तुम्ही ठरवा. मी तेव्हा ठरवत बसले नाही.

बारकीने पहिली ओळ हलकेच धरली. आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. इतक्या जवळून तिने बारकीला ती तान्ही असतानाच ऐकलं असेल, श्वाससुद्धा ऐकू येतो. मग ढोल आले, आणि बारकी वर चढली.

आईने इयरपीस ओढून काढले, एकाची वायर तुटली. ती दोन्ही हात कानांवर दाबून केबलच्या पेटीवर बसली. बाटली घरंगळत गेली.

"हे तिला," ती म्हणाली, "हे तिला रोज?"

"प्रत्येक शोला. पूर्ण वेळ."

"आणि ती काही म्हणत नाही?"

मी काही बोलायच्या आत स्टेजवरून बारकीने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. आईने विचारलं, हे काय सांगते आहे? मी म्हणाले, अजून वाढव म्हणते आहे.

आई उठली. चपला तशाच, वायरी ओलांडत, वाजवणाऱ्यांच्या मधून स्टेजच्या मध्यावर गेली आणि बारकीच्या हातातला माईक धरला. वाजवणारे एकेक करून थांबले, मी बारकीच्या कानातला आवाज बंद केला.

"बास," आई म्हणाली. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "उद्या नाही. नंतरही नाही."

मॅनेजर खालून धावत आले. "वहिनी, माईक चालू आहे!"

"असू दे चालू. ऐकू दे सगळ्यांना."

आई बारकीच्या डाव्या बाजूला उभी होती. बारकी तिच्या ओठांकडे बघत म्हणाली, "काय?" माईक दोघींच्या मध्ये होता. रिकाम्या मैदानावर ते मोठ्ठं होऊन घुमलं. "काय म्हणालीस? आई, काय?" वर चढलेले दिवेवाले हातातलं काम सोडून खाली बघायला लागले. आईने नुसती मान नकारार्थी हलवली.

मग बारकीला कळलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं. कानातले काढून माझ्या टेबलाच्या दिशेने भिरकावले. "मला उभी केलीत तेव्हा दोघी गप्प होतात. आता बंद करायला मात्र आई आणि ताई!"

मॅनेजर आईशी तासभर बोलत होते. आधी गोड, मग जोरात, मग वकिलाचं नाव घेऊन. आई प्रत्येक वेळी एवढंच म्हणाली, "तुम्ही आधी ते कानात घाला, मग बोलू." त्यांनी घातले नाहीत. तो स्विच मीच बंद केला होता असं मी सही करून दिलं आहे. त्यांनी मागितलं म्हणून नाही, बारकीचे कागद कुठल्याही डॉक्टरकडे गेले तर खरं कारण त्यात असायला हवं म्हणून. माझी नोकरी गेली. वकिलाचं पत्र अजून आलेलं नाही. दारावर कुणी आलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

बारकी आमच्याशी बोलत नाही. काल दाराआडून एवढंच म्हणाली, "मी बाबांकडे जाते."

तुम्ही नको म्हणाल तरी मला समजेल. पण कळवा.

थोरली

२४ मार्च

बाबा,

तुमच्या कार्डावर "पाठव" एवढंच होतं. आईने ते वाचून परत माझ्या हातात दिलं, मग परत मागून घेतलं. आता ते तिच्याकडे आहे.

बारकी तीस तारखेला दुपारपर्यंत पोचेल. आई सोडायला येणार आहे, दारापर्यंतच. तिला आत बोलवायचं की नाही ते तुम्ही बघा.

काही गोष्टी आधीच सांगते. तिच्याशी समोरून बोला. जेवताना तिला तुमच्या डाव्या हाताला बसवा, म्हणजे तिचा उजवा कान तुमच्याकडे येईल. पाठीमागून हाक मारलीत आणि तिने ओ दिली नाही तर ती रुसली आहे असं समजू नका. रुसलेली असेल तेव्हा ती तसं स्पष्ट सांगते. दुकानात सेट तपासताना तिला बाहेर पाठवा. पूर्ण शांतताही नको, शांततेत शिट्टी मोठी होते. पंखा चालू असला की तिला झोप लागते.

तपासणी दर महिन्याला आहे, डॉक्टरांचा पत्ता कागदावर आहे. उजवा कान टिकेल असं ते म्हणतात. "टिकेल" म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला, ते मी आईला सांगितलेलं नाही.

गायला लागली तर थांबवू नका. कानात काही न घालता, चार भिंतींत गायली तर चालतं, मी विचारून घेतलं आहे. अजून गायलेली नाही. माझ्याबद्दल विचारलं तर जे खरं आहे ते सांगा, तुम्हाला सगळं माहीत आहे.

आणि एक. ती मोठ्याने बोलेल. शेजारी खिडकीतून डोकावतील इतक्या मोठ्याने. तिला हळू बोल म्हणू नका, बाबा. तिला वाटतं, ती हळूच बोलते आहे.

थोरली